यादी दुकानात चढविताना

(नभोवाणीवरील भाषण)



जुन्या पेढीवर रोजकीर्दीतील रकमा खतावणीत उतरविण्याचे काम ज्यांनी पाहिले असेल, त्यांना एक गोष्ट खचित आठवेल. ताळा जुळला नाही म्हणून कारकून घाबरत नसे. चूक आहे एवढे तरी त्याला कळलेले असे. मग दिवा पुढे ओढून तो एकेक रक्कम पडताळून पाही. त्याला खरे भय वाटे ते ताळा जुळूनही चूक राहून गेल्याचे. पंचवीस रुपये रामभाऊंच्या नावे पडावयाचे ते श्यामरावांच्या नावे पडले, तरी बेरीज बरोबरच येते. चूक उघडकीस येते ती श्यामराव भांडावयास येतात त्या दिवशी.

आजचा माझा विषय अगदी नव्या काळातला आहे. पण दुखणे हेच आहे. इंटरनेटवर दुकान थाटणाऱ्या व्यापाऱ्याजवळ त्याच्या मालाची यादी बहुधा स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे उभ्या-आडव्या घरांच्या तक्त्यात, तयार असते. हजार-दोन हजार जिन्नस एकेक करून दुकानात भरीत बसणे कोणासच परवडणारे नाही. म्हणून सबंध यादी एकदम चढविण्याची सोय या दुकान-प्रणालींत केलेली असते. शॉपिफायमध्ये ती आहे. वूकॉमर्समध्ये २०१७ पासून ती मूळ प्रोग्रॅमचाच भाग झाली आहे. या क्रियेला 'इम्पोर्ट' म्हणतात. ती बिघडते तेव्हा नेमके काय बिघडते, आणि ते शोधावे कसे, हे मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम ही यादी ज्या वाहनात बसून जाते ते वाहन पाहू. स्प्रेडशीट जशीच्या तशी दुकानात जात नाही. ती सीएसव्ही नावाच्या साध्या फायलीत उतरवावी लागते. या फायलीत रंग नाही, ठळक अक्षर नाही, सूत्र नाही. केवळ अक्षरे आणि अंक. एका ओळीत एक जिन्नस, आणि दोन घरांच्या मध्ये एक स्वल्पविराम. पद्धत इतकी साधी की ती कोणी एकाने शोधून काढली असे म्हणण्याचीही सोय नाही. आय.बी.एम.च्या फोर्ट्रानमध्ये स्वल्पविरामांनी वेगळी केलेली मूल्ये वाचण्याची तजवीज १९७२ मध्ये होती. परंतु या पद्धतीचे नियम नीट लिहून निघावयास ऑक्टोबर २००५ उजाडावा लागला. आरएफसी ४१८० या क्रमांकाचे ते टिपण आहे, आणि तेही सक्तीचा कायदा म्हणून नव्हे, तर चालू वहिवाटीची नोंद म्हणून. मधल्या तेहेतीस वर्षांत ज्याने त्याने आपापला रिवाज पाडला होता, आणि त्याचे भोग आपण अजून भोगीत आहोत.

स्वल्पविराम हाच जर दोन घरांमधला कूड, तर मालाच्या नावात किंवा किमतीत स्वल्पविराम आला म्हणजे काय होणार? १,२५० रुपये किमतीच्या ग्रंथसंचाची किंमत एका घरात १ आणि पुढच्या घरात २५० अशी दुभंगते, व त्या ओळीतील पुढची सर्व घरे एकेक पाऊल सरकतात. वजनाच्या घरात लेखकाचे नाव येते. यावर उपाय असा की, ज्या मजकुरात स्वल्पविराम आहे तो दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा. आणि मजकुरातच असे चिन्ह असेल तर ते दोनदा लिहावे. चांगली स्प्रेडशीट हे आपोआप करते. हाताने किंवा एखाद्या जुन्या हिशेबी प्रोग्रॅममधून काढलेली फाईल करीलच असे नाही. भांड्यांच्या दुकानदाराने बारा इंची तव्यापुढे इंचाची खूण म्हणून वर दोन रेघा मारल्या, की वाचणाऱ्या प्रोग्रॅमला अवतरण सुरू झाल्याचा भास होतो, आणि पुढची तशी खूण भेटेपर्यंतच्या सगळ्या ओळी तो एकाच घरात गिळून टाकतो. दोनशे भांडी एका तव्यात गेली असे समजा.

पोर्तुगाल, जर्मनी अशा देशांत दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम लिहितात. त्यामुळे तिकडच्या रिवाजावर ठेवलेला संगणक घरांच्या मध्ये अर्धविराम घालतो. लिस्बनच्या आप्ताने तयार करून दिलेली यादी पणजीत उघडली तर सारे स्तंभ एका स्तंभात गोळा झालेले दिसतात. पण हे दोष निरुपद्रवी म्हणावेत असे आहेत. ते ओरडतात. यादी चढतच नाही, किंवा चढली तर इतकी विद्रूप दिसते की आंधळ्यालाही कळावे. असे दोष तासाभरात निस्तरता येतात, म्हणून त्यांच्यापाशी मी अधिक रेंगाळत नाही.

मुके दोष निराळे. ते कोठून येतात हे सांगण्यासाठी माझ्या पाहण्यात आलेल्या एका यादीचे उदाहरण घेतो. सीमाभागातील एका ग्रंथविक्रेत्याची ती यादी होती. अकराशेंच्या वर मराठी पुस्तके. ग्राहक केवळ गावातले नव्हेत. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील, जिथे मराठी पुस्तकाचे दुकान हाकेच्या अंतरावर नाही, अशा ठिकाणचे वाचक. प्रत्येक जिन्नसाला दुकानात एक स्वतंत्र क्रमांक लागतो. त्याला एसकेयू म्हणतात, आणि पुष्कळ प्रणालींत त्या क्रमांकावरूनच प्रोग्रॅम एक जिन्नस दुसऱ्यापासून ओळखतो. या विक्रेत्याने पुस्तकाचा आयएसबीएन हाच क्रमांक म्हणून घेतला होता. निवड उत्तम होती. हा क्रमांक १३ अंकी असतो, बहुधा ९७८ ने सुरू होतो, आणि भारतीय पुस्तकांत पुढचे दोन अंक बहुधा ८१ किंवा ९३ असतात.

आता एक्सेलचा स्वभाव पाहा. घरात नुसते अंक दिसले की ती त्यांना संख्या समजते, आणि संख्या बारा किंवा अधिक अंकांची असली की ती शास्त्रज्ञांच्या संक्षिप्त पद्धतीने दाखविते. ९७८८१७ ने सुरू होणारा आयएसबीएन '९.७८८१७ई+१२' असा दिसू लागतो. त्याचा अर्थ, ९.७८८१७ ला दहाच्या बाराव्या घाताने गुणावे. घराच्या पोटात मूळ संख्या अद्याप शाबूत असते. स्तंभ रुंद करून संख्येचा प्रकार बदलला की ती पुन्हा दिसते. तथापि सीएसव्ही फाईल जपून ठेवताना एक्सेल पोटातले लिहीत नाही, दर्शनी रूप लिहिते. मागचे सात अंक तेथे कायमचे गेले. फाईल पुन्हा उघडून कितीही दुरुस्ती केली तरी त्यांच्या जागी सात शून्ये मिळतात.

भारतातील अनेक प्रकाशकांचे क्रमांक पहिल्या सहा अंकांपर्यंत सारखेच असतात. त्यामुळे त्या यादीत शेकडो पुस्तकांना एकच क्रमांक पडला. अशा वेळी दुकान-प्रणालीच्या घडणीप्रमाणे आणि तिला दिलेल्या आज्ञेप्रमाणे दोहोंपैकी एक घडते. एक तर पहिले पुस्तक स्वीकारले जाते आणि बाकीची 'हा क्रमांक आधीच आहे' असे सांगून वगळली जातात. ते भाग्यच म्हणावयाचे, कारण निदान तक्रार तरी होते. किंवा प्रत्येक नवी ओळ मागल्या ओळीवर लिहिली जाते. येथे दुसरे घडले होते. शेवटी पडद्यावर संदेश आला तो काम यशस्वीपणे पुरे झाल्याचा. आणि दुकानात मोजकी पुस्तके उरली होती, ज्यांच्यावर शेकडो ओळींचा थर चढून गेला होता. जे पुस्तक दोन दिवसांपूर्वी एका नावाने आणि किमतीने दिसत होते, त्या जागी भलतेच नाव, भलतीच किंमत. मधल्या वेळात ज्यांनी मागणी नोंदविली त्यांना कोणते पुस्तक पाठवावयाचे, हा प्रश्न उरलाच. परत आलेल्या प्रत्येक पार्सलाचा जाता-येता टपालखर्च विक्रेत्याच्या माथी बसतो, आणि ज्या वाचकाने महिनाभर वाट पाहून चुकीचे पुस्तक हाती घेतले तो त्या दुकानाकडे पुन्हा फिरकेल याची शाश्वती नसते.

'ध'चा 'मा' केल्याची आनंदीबाईंची आख्यायिका आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेथे अक्षर बदलणाराच्या मनात हेतू होता असे आख्यायिका सांगते. येथे कोणाच्याच मनात काही नाही. स्प्रेडशीट आपल्या समजुतीने मदतच करीत असते. ती मूलतः हिशेबासाठी जन्मली. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिसिकॅल्क १९७९ मध्ये आले ते बेरजा-वजाबाक्यांचा तक्ता एक आकडा बदलताच आपोआप नवा व्हावा एवढ्यासाठी. अशा साधनाने अंक पाहून त्याला संख्या मानले, तर दोष त्याला कसा द्यावा? पण आयएसबीएन ही संख्या नव्हेच. तिची बेरीज करावयाची नसते, सरासरी काढावयाची नसते. ते अंकांत लिहिलेले नाव आहे. बारकोडही तसाच, दूरध्वनीचा क्रमांकही तसाच.

येथे पुष्कळजण म्हणतात की, त्या स्तंभाला 'मजकूर' असा प्रकार देऊन टाकला म्हणजे झाले. अर्धेच खरे आहे. स्प्रेडशीटच्या मूळ फायलीत तो प्रकार लक्षात राहतो. सीएसव्हीला मात्र स्मरणशक्ती नाही. तिच्यात नुसती अक्षरे आहेत हे मी मघाशी सांगितले. म्हणून सकाळी काळजीपूर्वक तयार केलेली सीएसव्ही दुपारी कोणीतरी 'एकदा नजर टाकू' म्हणून एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडतो, पाहतो, आणि बंद करताना 'जपून ठेवू का' या प्रश्नास होकार देतो. तेवढ्यात सारे अंक पुन्हा गेले. माझ्या मते या क्षेत्रातील मुक्या दोषांपैकी फार मोठा वाटा या एका होकाराचा आहे. पाहावयाचेच असेल तर नोटपॅडसारख्या साध्या लेखन-प्रोग्रॅममध्ये पाहावे. तेथे अक्षरे जशी आहेत तशी दिसतात. किंवा एक्सेल आधी उघडून, 'डेटा' या विभागातून ती फाईल आत आणावी आणि कोणत्या स्तंभाला मजकूर मानावयाचे ते तेव्हाच सांगावे. २०२३ मध्ये एक्सेलच्या नव्या आवृत्तीत ही आपोआप होणारी रूपांतरे बंद ठेवण्याचीही सोय आली आहे. ज्याच्या हाताखाली तीन-चार माणसे याद्या हाताळतात त्याने ती सर्वांच्या संगणकावर लावून घ्यावी.

आयएसबीएनच्या बाबतीत ताळा पाहण्याची एक सुंदर युक्ती त्या क्रमांकातच आहे. पहिला, तिसरा, पाचवा असे विषम स्थानांवरील अंक जसेच्या तसे घ्यावेत. दुसरा, चौथा असे सम स्थानांवरील अंक तिनाने गुणावेत. तेराही मिळून जी बेरीज येईल तिला दहाने निःशेष भाग गेला पाहिजे. आपल्या मघाच्या शून्यांनी भरलेल्या क्रमांकाला, ९७८८१७०००००००ला, ही कसोटी लावू. नऊ, आठ आणि एक मिळून अठरा, सात, आठ आणि सात मिळून बावीस, त्याची तिप्पट सहासष्ट, एकूण चौऱ्याऐंशी. दहाने भाग जात नाही. म्हणजे हा क्रमांक खोटा. मालावरील तेरा अंकी बारकोडालाही हीच कसोटी लागते. तक्त्यात एक जादा स्तंभ घालून हे गणित मांडून ठेवले तर अकराशे ओळींची परीक्षा क्षणात होते.

अंक जाण्याची दुसरी तऱ्हा आरंभीच्या शून्याची. संख्येच्या आरंभी शून्याला किंमत नाही, म्हणून स्प्रेडशीट ते पुसून टाकते. गोव्यातील काजूचा व्यापारी घ्या. वस्तू-सेवा कराच्या कामी लागणारा काजूचा वर्गक्रमांक ०८०१ या शीर्षाखाली येतो; चहाचा ०९०२, हळदीचा ०९१०. शून्य गेले की उरतो ८०१, ९०२, ९१०. पावतीवर चार अंकी क्रमांकाऐवजी तीन अंकी क्रमांक छापला जातो, आणि ही गोष्ट लक्षात येते ती कर-सल्लागाराच्या टेबलावर.

तारखेचे प्रकरण तर याहून चमत्कारिक आहे. मुलांच्या कपड्याचे माप '१०-१२', म्हणजे दहा ते बारा वर्षांच्या मुलासाठी. स्प्रेडशीट त्यात डिसेंबरची दहा तारीख पाहते, किंवा संगणक अमेरिकन रिवाजावर असेल तर ऑक्टोबरची बारा. आपल्या ग्रंथविक्रेत्याच्या यादीत 'खंड' या स्तंभात '१-२' असे लिहिलेले होते. दोन खंडांचा संच फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेचा झाला. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हे. मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीलाही हिच्यापुढे नमते घ्यावे लागले आहे. 'सेप्ट१', 'मार्च१' अशी रोमन लिपीतील जनुकनामे स्प्रेडशीटमध्ये सप्टेंबर आणि मार्चच्या तारखा होऊन बसत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शास्त्रीय निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांशांत ही चूक आढळली. अखेर २०२० मध्ये 'सेप्टिन१', 'मार्चएफ१' अशी नवी नावे देण्यात आली. प्रोग्रॅम बदलेना, म्हणून जनुकांनी नावे बदलली!

आता आपल्या भाषेपुरत्या काही अडचणी सांगतो. इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांत त्या सापडत नाहीत, आणि मराठी मालकाला तर त्या पहिल्याच दिवशी भेटतात.

मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नसत, शब्द तोडून लिहिण्याचीही चाल नव्हती. तरी दप्तरातल्या कारकुनाचे काम अडले नाही, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकाच वहिवाटीत वाढलेले होते. संगणकाचेही असेच आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांत लिहिले जाते. वाचणाऱ्याला ही पद्धत ठाऊक नसेल आणि त्याने पश्चिमेकडील जुन्या पद्धतीने वाचावयास घेतले, तर त्या तीन बाइटांची तीन वेगळी रोमन अक्षरे किंवा खुणा होतात. देवनागरीच्या सर्व चिन्हांचा पहिला बाइट एकच असल्यामुळे डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान रोमन 'ए' ओळभर पुन्हा पुन्हा दिसू लागतो. असे दिसले तर घाबरण्याचे कारण नाही; मजकूर शाबूत आहे, वाचणाराच चुकला आहे. फाईल चढविताना किंवा उघडताना यूटीएफ-८ निवडले की मराठी परत येते. पण ओळभर प्रश्नचिन्हे दिसली तर मात्र मजकूर गेला. तक्ता साध्या सीएसव्ही प्रकारात जपून ठेवताना प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिले गेलेले असते, आणि प्रश्नचिन्हातून अक्षर परत काढण्याची विद्या कोणाजवळ नाही. मूळ तक्त्याकडे जावे आणि 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडून पुन्हा जपून ठेवावे.

या प्रकारात एक्सेल फायलीच्या आरंभी एक अदृश्य खूण ठेवते. काही प्रोग्रॅम ती खूण पहिल्या स्तंभाच्या मथळ्याचाच भाग समजतात. मग मथळा डोळ्यांना अगदी बरोबर दिसतो, आणि प्रोग्रॅम म्हणतो की असा स्तंभच नाही. साध्या लेखन-प्रोग्रॅममधून 'खूण नसलेले यूटीएफ-८' असे जपून ठेवले की हा वाद मिटतो.

जुन्या छापखान्यांतून आलेल्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या टंकांत असतात. तेथे पडद्यावर देवनागरी दिसते, पण पोटात रोमन अक्षरेच असतात. दुकानात तो टंक नसतो, म्हणून ग्राहकाला निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. त्या याद्या आधी रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणून, मग माणसाने वाचून, नंतरच पुढे न्याव्या. जोडाक्षरे आणि रफार यांत रूपांतरक अडखळतो.

किंमत देवनागरी अंकांत लिहिली, किंवा सवयीने आधी 'रु.' आणि मागे आडवी-उभी रेघ घातली, तर अनेक प्रोग्रॅम तिला किंमत मानीत नाहीत; घर रिकामे राहते, वा शून्य पडते. शून्य रुपयांचा ग्रंथ दुकानात ठेवल्यावर मागण्यांना तोटा नसतो!

आणि एक बारकावा, ज्यावर माझा विशेष लोभ आहे. 'कादंबऱ्या' हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र संगणकावर एकाहून अधिक प्रकारांनी लिहिता येतो. एका कळफलकावर त्यासाठी स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण मिळून तो होतो. डोळ्यांना दोन्ही एकच. प्रोग्रॅमला दोन निराळे शब्द. दोन कारकुनांनी दोन कळफलकांवर यादी केली, की दुकानात 'कादंबऱ्या' नावाचे दोन विभाग तयार होतात, निम्मी पुस्तके एकात, निम्मी दुसऱ्यात, आणि मालक दिवसभर दोन नावांतला फरक शोधीत बसतो. शब्दाच्या मागे राहिलेली रिकामी जागाही हेच करते. विभागांची नावे हाताने न लिहिता एका ठिकाणी लिहून तेथूनच सर्वत्र उतरवावीत, हे बरे. वूकॉमर्समध्ये विभागांच्या स्तंभातील स्वल्पविराम दोन विभाग वेगळे करतो, हेही ध्यानात असावे. 'ललित, वैचारिक' असा एकच विभाग तुमच्या मनात असेल. दुकानात दोन होतील.

मुका दोष किती दूर पोहोचू शकतो याचे उदाहरण इंग्लंडात घडले. २०२० च्या करोना साथीत प्रयोगशाळांकडून आलेले निकाल सीएसव्ही फायलींतून पब्लिक हेल्थ इंग्लंड या संस्थेकडे येत आणि तेथे एक्सेलच्या जुन्या साच्यात ओतले जात. नव्या साच्यात एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात; जुन्यात ६५,५३६. मर्यादा भरल्यावर उरलेल्या ओळी बाहेरच राहिल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकड्यांत आली नाही. त्या रोग्यांना आपापला निकाल कळला होता; पण त्यांच्या सहवासात आलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या यंत्रणेकडे त्यांची नावे वेळेवर गेली नाहीत. ते दिवस कोणते होते हे आपणापैकी कोणी विसरलेले नाही. आत किती ओळी गेल्या आणि बाहेर किती आल्या, एवढी एक मोजणी त्या वाटेवर हवी होती.

तेव्हा शोधाची रीत सांगताना मी मोजणीपासूनच सुरुवात करतो. चढविण्यापूर्वी तक्त्यातील जिन्नस मोजावे. त्यांतील निरनिराळे क्रमांक किती तेही मोजावे. दोन आकडे सारखे नसतील तर पुढे पाऊल टाकू नये. चढविल्यावर दुकानातील जिन्नस मोजावे. आपल्या ग्रंथविक्रेत्याने दुसरी मोजणी केली असती तर अकराशेंच्या पुढे मोजकेच क्रमांक पाहून तो तेथेच थांबला असता.

मूळ तक्ता वेगळा ठेवावा आणि त्याला हात लावू नये. प्रथम पाच-सहा ओळींचीच चाचणी करावी. पण त्या ओळी सोप्या निवडू नयेत. ज्याच्या नावात स्वल्पविराम आहे, ज्याचे वर्णन दोन परिच्छेदांचे आहे, ज्याचा वर्गक्रमांक शून्याने सुरू होतो, ज्याच्या नावात ऱ आहे, असेच जिन्नस मुद्दाम वेचावे. फाईल मध्येच अडत असेल आणि प्रोग्रॅम ओळ सांगत नसेल, तर ती मधोमध तोडून एकेक भाग रिकाम्या चाचणी-दुकानात चढवून पाहावा. जो भाग अडेल तो पुन्हा मधोमध तोडावा. अकराशे ओळींतली एक दोषी ओळ फार तर अकरा वेळांत हाती लागते. ओळ सांगितली असेल, तर वर्णनांत नव्या ओळी असल्यामुळे प्रोग्रॅमची ओळ आणि लेखन-प्रोग्रॅमची ओळ जुळत नाही, याचे भान ठेवावे.

चित्रे न येण्याची तक्रार वारंवार ऐकू येते. चित्राच्या घरात दुवा द्यावयाचा असतो तो खुद्द चित्राचा, चित्र ज्या पानावर दिसते त्या पानाचा नव्हे. आणि तो परवलीच्या शब्दावाचून कोणालाही उघडता आला पाहिजे.

यापुढील धोका पहिल्या खेपेचा नसून दुसऱ्या खेपेचा. दुकान चालू झाल्यावर किमती बदलण्यासाठी मालक पुन्हा यादी चढवितो. बदलावयाचे स्तंभ तेवढेच फायलीत ठेवावे: क्रमांक आणि किंमत. शॉपिफायसारख्या प्रणालीत जुन्या नोंदीवर लिहावयास सांगितले असता, स्तंभ आहे आणि घर रिकामे आहे याचा अर्थ 'जुने पुसून टाका' असाही होऊ शकतो. शिलकेचा स्तंभ तर हटकून काढावा. मागच्या महिन्याचा तक्ता जसाच्या तसा चढविला की मधल्या काळात विकली गेलेली पुस्तके कागदोपत्री कपाटात परत येतात, आणि हैदराबादचा कोणी वाचक त्यांचे पैसे भरून मोकळा होतो. म्हणून दर खेपेस आधी दुकानातूनच ताजी यादी बाहेर काढून घ्यावी, तीवर तारीख घालून ती बाजूस ठेवावी, आणि नव्या फायलीचे काम तिच्या प्रतीवर करावे.